सरदाराचा श्वास

माझ्या बाबांचा एक श्वास होता. श्वास सगळेच घेतात, पण बाबांचा हा एक वेगळा ऐकू यायचा. काहीही महत्त्वाचं करायच्या आधी ते नाकाने लांबलचक श्वास आत ओढायचे, वर नेऊन जरा अडवायचे आणि मग दोन हप्त्यांत सोडायचे, पहिला छोटा, दुसरा मोठा. सरकारी पाकीट फोडायच्या आधी, गर्दीच्या बसमध्ये घुसायच्या आधी, शेजाऱ्यांना टीव्ही हळू करा म्हणून सांगायला जायच्या आधी. आर. के. पुरमचं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तो श्वास झाला की आई स्वयंपाकघरातून, हातातली पोळी न थांबवता, विचारायची, "अहो, आता काय?"

ही सवय नाटकातली. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, आणि वर्षातले अकरा महिने सेक्शन ऑफिसर जेवढा गप्प असावा तेवढे गप्प असत. बारावा महिना गणपतीचा. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात दर वर्षी एक ऐतिहासिक नाटक व्हायचं आणि त्यात बाबा सरदार असायचे. नायक कधीच नाही, उंची कमी पडायची. सरदार दुसऱ्या अंकात येतो, मोठ्या आवाजात निष्ठेबद्दल बोलतो आणि तिसऱ्या अंकात मरतो. मी लहान असताना दर वर्षी रडायचे आणि दर वर्षी घरी जाताना बाबा मला स्कूटरवर पुढे उभं करून म्हणायचे, "बघ, जिवंत आहे की नाही? चलो, कुल्फी." विंगेत उभं राहून ते तो श्वास घ्यायचे आणि मग स्टेजवर पाय टाकायचे. म्हणून घरात तो ऐकू आला की आई कधी कधी नुसतं म्हणायची, "झाली यांची एंट्री."

त्यांचं चिलखत आईने विणलं होतं. जाड सुतळीचं, लोकरीच्या मोठ्या सुयांवर, आणि वरून चंदेरी रंगाचे दोन हात. पहिल्या वर्षी रंग पुरता वाळलाच नव्हता. बाबा पुढचे पंधरा दिवस चंदेरी मानेने ऑफिसला जात होते आणि साहेबाने विचारलं तर स्किन ॲलर्जी म्हणून सांगत होते.

मग बाबा रिटायर झाले आणि आम्ही दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, द्वारकेला गेलो. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून काढलेली हाउसिंग सोसायटी होती, पंधरा वर्षं कागदावर होती आणि अखेर एकदाची उभी राहिली. आईला लिफ्टचं अप्रूप, मला स्वतःच्या खोलीचं. बाबांना तिथे काय होतं, कोण जाणे. सेक्टरांना नुसते नंबर, रस्ते विमान उतरेल एवढे रुंद, आणि खरीखुरी विमानं डोक्यावरून इतकी खालून जायची की चाकं दिसायची. विमान आलं की बाबांचं वाक्य मध्येच तुटायचं, आणि विमान गेल्यावर ते पुरं करावं असं समोर कोणी उरलेलं नसायचं. आई कपडे काढायला गॅलरीत गेलेली असायची. मंडळ लांब पडलं होतं. तिथे आता ऐतिहासिक नाटकं होत नव्हती, ऑर्केस्ट्रा होत होता. चिलखत माळ्यावर गेलं.

त्या दिवसांत सगळीकडे काही ना काही नवीन निघत होतं. गुडगावात मॉल, रस्त्यांवर फ्लायओव्हर, टीव्हीवर रोज एक चॅनेल. परदेशी पिक्चर हिंदीत करून दाखवायचे, तर त्यासाठी नोएडात स्टुडिओ निघाले. त्यातल्या एका तळघरातल्या स्टुडिओत मी लागले. हिंदीतून एम. ए. करून असलं काम करतेस, असं मावशी म्हणाली होती. काम असं, की पडद्यावरच्या माणसाचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्याच वेळात हिंदी वाक्य बसतं का ते बघायचं, नाही बसलं तर कापायचं नाहीतर ताणायचं. द्वारकेहून नोएडा म्हणजे दोन बस आणि दिल्लीचं एक टोक ते दुसरं टोक. पण खरं सांगते, मला ते काम मनापासून आवडायचं.

आणि मग तो पिक्चर आला. एक गोरा शिपाई परक्या देशात लढायला जातो, सामुराईंच्या हाती सापडतो, त्यांच्यात राहता राहता त्यांचाच होऊन बसतो, आणि शेवटी त्यांच्या बाजूने तलवार घेऊन उभा राहतो. तोवर मी डबिंगला पोलीस, राक्षस, बोलणारी कुत्री, सगळं पाहिलेलं. हे पाहून मात्र मी आ वासून बसले. एवढं मोठं आकाश मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते नोएडाच्या तळघरात, तीन खुर्च्यांच्या खोलीत. त्या माणसांचं काहीच घाईचं नसे. सकाळी उठून आधी अंगण झाडायचे, मग त्याच अंगणात लढायला शिकायचे. वाकायचं तर पुरतं वाकायचे. आम्ही तो सिनेमा अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत बघायचो, एकेक तुकडा वीस वीस वेळा, आणि विसाव्या वेळीही माझ्या अंगावर काटा यायचा. आमच्या डबिंग डायरेक्टर मॅडम लखनौच्या होत्या, कडक होत्या आणि सहसा कशाला चांगलं म्हणत नसत. त्यासुद्धा पहिल्या दिवशी शेवटच्या लढाईनंतर चष्मा पुसत बसल्या होत्या.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगायचे. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. चिलखत कशाचं आहे, हा पहिला.

"पट्ट्या आहेत बाबा, पण सगळ्या दोऱ्यांनी बांधलेल्या. रेशमी दोरे. जवळून दाखवलंय."

"दोऱ्यांनी," असं म्हणून त्यांनी आईकडे पाहिलं. "म्हणजे आपलं काही चूक नव्हतं."

दुसरा प्रश्न, सरदार आहे का. मी म्हटलं आहे, म्हातारा आहे, फार भारी आहे, शेवटी मरतो. "मरणारच," बाबा म्हणाले आणि खोकले.

तो खोकला दिवाळीपासून होता. आवाज बसला होता. द्वारकेची धूळ, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. आईने हळदीच्या गुळण्या करायला लावल्या, ज्येष्ठमध झालं, सोसायटीतल्या होमिओपॅथने गोड गोळ्या दिल्या. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात नळी घालून पाहिलं तर स्वरयंत्रावर गाठ होती, आणि ती वाईट निघाली. अख्खं स्वरयंत्र काढायला लागणार होतं. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले, पण आवाज जाईल. श्वास गळ्याला भोक पाडून तिथून घ्यावा लागेल. आईने जीव वाचेल एवढंच ऐकलं आणि हात जोडले. बाबांनी हिंदीत विचारलं, नुसतं गुणगुणता येईल का. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं.

मला एकच गोष्ट कळत होती. तेरा दिवसांनी बाबांचा आवाज या जगातून जाणार होता आणि तो कुठेही ठेवलेला नव्हता. इतक्या नाटकांचे फोटो होते, एकाचीही कॅसेट नव्हती. मी शेजारून टेपरेकॉर्डर मागून आणला, टेबलावर ठेवला आणि म्हटलं, बोला बाबा, काहीही बोला. बाबा त्याच्यासमोर बसले, "हॅलो, टेस्टिंग" म्हणाले आणि उठले. "बोलू कोणाशी? समोर कोणी नको का?" मी फार चिडले. मला वाटलं, एवढा कसला नखरा, तेरा दिवस राहिलेत. मी बोललेही तसं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दोन दिवसांनी मी स्टुडिओला निघायच्या तयारीत होते, चपला घालत होते. बाहेरच्या खोलीतून तो श्वास ऐकू आला, लांब, अडलेला, दोन हप्त्यांचा. हल्ली त्यात एक बारीक शीळही वाजायची, गाठीमुळे. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, आता काय?"

बाबा दारात येऊन उभे राहिले. "तुमच्या त्या म्हाताऱ्या सरदाराला आवाज कोण देतंय?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

"मी येऊन बघू का?"

नाही कसं म्हणणार होते मी? मॅडमची मला भीती वाटत होती, आणि बाबांच्या हिंदीची त्याहून जास्त. पस्तीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांची हिंदी मराठीचा हात सोडून दोन पावलं चालत नसे. पण मॅडमना विचारलं. कारण सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, माझे वडील रंगमंचावरचे आहेत, आवाजात म्हातारपणाची खरखर आहे. त्या म्हणाल्या, ले आओ, सुन लेते हैं.

बाबा इस्त्रीचा झब्बा घालून आले. हातात पिशवी. रेकॉर्डिस्टने विचारलं, "अंकल, इसमें क्या है?" बाबांनी पिशवीतून नारळ काढला, हळद-कुंकवाची पुडी काढली आणि एक शेवंतीचं फूल. नाटकाच्या आधी रंगभूमीला नारळ फोडायचा असतो, हे त्यांच्या दृष्टीने पंखा लावण्याइतकं साधं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टुडिओत सगळीकडे गालिचा, भिंतींनाही गालिचा, नारळ आपटायला जागाच नाही. शेवटी रेकॉर्डिस्ट स्वतः त्यांना जिन्यात घेऊन गेला, पायरीवर नारळ फुटला, आणि बाबांनी आत येऊन माइकच्या स्टँडला वाकून नमस्कार केला, पुरता वाकून. मॅडम काचेपलीकडून बघत होत्या. हसल्या नाहीत.

सरदाराचे तीन संवाद मॅडमनी आदल्या दिवशीच माझ्याबरोबर घरी पाठवले होते. बाबांनी ते बसमध्ये पाठ केले होते. आवाज असा भरला त्या खोलीत, की रेकॉर्डिस्टने एकदा वळून पाहिलं आणि आवाजाचा काटा खाली घेतला. तिन्ही वाक्यं झाली. मॅडमनी बटण दाबलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "अंकल, आवाज़ कमाल की है। लेकिन ये सरदार तो पुणे का लग रहा है।"

बाबा माइकच्या आणखी जवळ गेले. मग म्हणाले, "सातारा." ते कोणाला कळलं नाही. मला कळलं, आमचं गाव साताऱ्याचं.

त्यांना तसंच घरी पाठवणं मॅडमनाही बरं वाटलं नसावं. त्या दिवशी चढाईच्या सीनचा आरडाओरडा घ्यायचा होता. त्याला चार जण लागतात, त्यांचाच आवाज एकावर एक चढवून तीनशे माणसं करतात. आलेले दोघेच. मॅडमनी विचारलं, अंकल गर्दीत उभे राहतील का. बाबा लगेच हो म्हणाले. मी काचेतून हातानेच नको नको करत होते, डॉक्टरांनी बोलायलाही कमी सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. रेकॉर्डिस्टने समजावलं, शब्द नकोत, नुसतं ओरडायचं, घोडे दिसले की सुरू.

लाल दिवा लागला. पडद्यावर टेकडीमागून घोडे आले, झेंडे आले, सगळी टेकडीच खाली धावत सुटल्यासारखी. बाबांनी श्वास घेतला, हात वर केला आणि बेंबीच्या देठापासून गर्जना केली, "हर हर महादेव!" बाजूच्या दोघांचा धंदाच गर्दीचा, पुढचा ओरडेल ते ओरडायचं, तेही लगोलग "महादेव!" म्हणाले. आणि जपानचे तीनशे सामुराई हर हर महादेव करत शत्रूवर तुटून पडले.

रेकॉर्डिस्ट खुर्चीत दुमडला. मॅडमनी हेडफोन काढले, कपाळाला हात लावला आणि मग त्याही हसल्या. बाबा काचेपलीकडे अगदी ओशाळून उभे होते. तीस वर्षं त्यांनी घोडदळ बघितलं की एकच ओरडलं होतं, तोंडाला दुसरं येणार कुठून? परत घेतलं. परत तेच निघालं. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळले, नुसता आवाज काढायला गेले आणि आवाज फाटला. नुसती हवा आली. मॅडमनी बाबांना बसायला सांगितलं. उरलेल्या दोघांकडून काम करून घेतलं आणि बाबांचे दोन्ही टेक पुसून टाकायला लावले. रेकॉर्डिस्टने माझ्यासमोर पुसले. मी बघत बसले. तो बाबांच्या आयुष्यातला शेवटचा मोठा आवाज होता, हे त्या खोलीत फक्त मला आणि बाबांना माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. नोकरी नवीन होती. आजही त्याचा मला राग येतो.

दोघे कलाकार चहाला गेले. बाबा आतच स्टुलावर बसून राहिले, उठायचं त्राण नसल्यासारखे. पडद्यावर पुढचा तुकडा आपोआप सुरू झाला. लढाईच्या आधीची पहाट. सरदार एकटा नदीकाठच्या रेतीवर बसलेला आहे, चिलखत चढवलेलं, तलवार मांडीवर. बोलत नाही. त्याचे लोक मागे दूर उभे आहेत. तो समोर बघतो, बस.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डबिंगला पिक्चर येतो तेव्हा त्यातले घोडे ऐकू येतात, वारा येतो, तलवारी येतात. माणसं मात्र मुकी असतात. त्यांचं मूळ बोलणं ज्या पट्टीवर असतं ती काढून घेतलेली असते, आणि बोलण्याबरोबर त्यांचे उसासे, खोकले, श्वास सगळंच जातं. म्हणून पडद्यावर सरदाराची छाती हलत होती आणि आवाज येत होता फक्त नदीचा. आम्हाला त्याची सवय होती. बाबांनी असं कधी पाहिलं नव्हतं. ते स्टुलावर बसून त्या माणसाकडे बघत होते, त्याच्या दोऱ्यांकडे, त्याच्या न बोलण्याकडे. नाटकात त्यांचा सरदार सतत बोलत असायचा. इथे एक सरदार मरायला निघाला होता आणि त्याला कोणाला काही सांगायचं नव्हतं. बाबांचा चेहरा मी असा पूर्वी एकदाच पाहिला होता, आम्ही पहिल्यांदा हिमालय बघितला तेव्हा.

माझ्या कानांना हेडफोन होते. माइक आणि रेकॉर्डिंग, दोन्ही बंद करायचं राहिलं होतं. पडद्यावर सरदाराने तलवारीवर हात ठेवला आणि माझ्या कानात तो श्वास आला. लांब, नाकातून, शिळेसकट. वर जाऊन थांबला. मग दोन हप्ते, एक छोटा, एक मोठा. आणि सरदार उठला.

रेकॉर्डिस्टचा हात बटणाकडे गेला होता. मॅडमनी तो धरला. "काटना मत," त्या कुजबुजल्या.

बाबांनी तो मुद्दाम घेतला नव्हता. उठायचं होतं, म्हणून घेतला होता, आर. के. पुरमच्या घरात घ्यायचे तसाच. पण तो त्या माणसाच्या छातीवर असा बसला, जसं मी तिथे बसवलेलं एकही वाक्य आजवर बसलं नव्हतं. परत लावून पाहिलं. नदी, वारा, आणि मग तो माणूस जिवंत झाला. मुका होता तो माणूस आणि आता त्याच्यात जीव होता, आणि तो जीव माझ्या बाबांचा होता. मॅडमनी आणखी चार वेळा घेऊन पाहिला, बाबांनी बिचाऱ्यांनी दिला, पण पहिल्यासारखा एकही झाला नाही. पहिलाच ठेवला.

मग मॅडम म्हणाल्या, अंकल, एक आणखी द्या. सरदार पडतो तो सीन. शेवटचा श्वास.

बाबांनी तो तुकडा पाहिला. सरदार रेतीवर पडलेला आहे, गोरा शिपाई त्याचं डोकं धरून बसला आहे. बाबांनी मान हलवली. "नहीं जी." मॅडमनी पुन्हा विचारलं. बाबा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "स्टेजवर पुष्कळदा मेलो. हा नको. सोमवार जवळ आलाय." मी मॅडमना सांगितलं, ते थकलेत. शेवटचा श्वास दुसऱ्या दिवशी एका नेहमीच्या कलाकाराने दिला, हातातला चहाचा ग्लास खाली न ठेवता.

घरी परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, "आईला सांगू नकोस."

"काय सांगू नको? ओरडलात ते?"

"ते सांग. हसेल तरी. श्वासाचं नको. एवढा नारळ बिरळ घेऊन गेलो आणि श्वास घेऊन परत आलो, असं सांगायचं का कोणाला?" मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघतच म्हणाले, "तो माणूस काय बसला होता गं." बस द्वारकेपर्यंत पोचली तरी ते मधूनमधून मान हलवत होते.

सोमवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पिक्चर लागला तेव्हा बाबा हॉस्पिटलात नळ्यांमध्ये होते, आणि बाबा घरी येईपर्यंत हिंदी पिक्चर उतरलाही होता. आईने महादेवाची गोष्ट ऐकली, ती इतकी हसली की शेवटी रडली. श्वासाचं मी सांगितलं नाही. शब्द दिला होता.

बाबांनी पाटी घेतली, शाळेतली असते तशी, आणि खडू. गळ्याच्या भोकावर पांढरा जाळीचा रुमाल. श्वास तिथूनच यायचा आणि जायचा, आखूड, ओलसर, सगळे एकसारखे. नाकाला काही काम उरलं नव्हतं. आता काहीही करायच्या आधी सूचना येत नसे. बाबा एकदम स्वयंपाकघराच्या दारात उभे दिसायचे आणि आई दचकायची. मग ते आधी खडूने पाटीवर टकटक करायला लागले. आई दोघांचं मिळून बोलायची, प्रश्नही तीच, उत्तरही तीच. पण "अहो, आता काय?" हे मात्र तिच्या बोलण्यातून गेलं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दोन वर्षं गेली. मेट्रो द्वारकेपर्यंत आली. मी स्टुडिओत बऱ्यापैकी जुनी झाले. एका रविवारी दुपारी चॅनेल बदलता बदलता मला ती नदी दिसली. हिंदीत. बाबा कोचावर पेपर वाचत होते. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि आवाज वाढवला. बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा सारखा केला. आत आई कणीक मळत होती, परातीचा आवाज येत होता.

पहाट. रेती. सरदार बसलेला. त्याने तलवारीवर हात ठेवला. आमच्या हॉलमध्ये तो श्वास आला, लांब, वर जाऊन थांबला, आणि सुटला, एक छोटा, एक मोठा.

"अहो, आता काय?" आई आतून म्हणाली.

परातीचा आवाज थांबला. मी आणि बाबा हललो नाही. आई दारात आली, दोन्ही हात कणकेचे, कोपरापासून वर धरलेले. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याकडे बघत होते, रुमालाआडून त्यांचा तो नवा श्वास येत जात होता. मग तिने टीव्हीकडे पाहिलं. तिथे सरदार रेतीवरून चालत निघाला होता.

"हे होते ते," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी मान डोलावली. बाबांनी लहान मुलाने चोरी पकडली गेल्यावर करावा तसा चेहरा केला.

"परत लाव."

"टीव्ही आहे आई, परत लागत नाही."

"अजून आहे का यांचा?"

मी सांगणारच होते की नाही, एवढाच. पण तोपर्यंत ती कोचाच्या कडेवर बसली होती, हात तसेच वर धरून, कुठे कणीक लागू नये म्हणून. तिने लढाई बघितली. घोडे बघितले, तीनशे माणसं ओरडत टेकडीवरून उतरली, तेव्हा ती हसली नाही. ती फक्त त्या म्हाताऱ्याला शोधत होती. गर्दीत तो दिसला की पुढे सरकायची. हातावरची कणीक वाळून तिला भेगा पडल्या. सरदाराला पहिली गोळी लागली, दुसरी लागली, आणि माझ्या आईने, जिने बाबांना तिसऱ्या अंकात इतक्यांदा मरताना पाहून विंगेत चहा गाळला होता, तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

गोऱ्या शिपायाने सरदाराचं डोकं मांडीवर घेतलं. नदीचा आवाज. मग तो शेवटचा श्वास आला, अडखळत, आणि थांबला.

आईने डोळे उघडले. क्षणभर नीट कान देऊन बसली, आणि मग तिचे खांदे एकदम खाली आले.

"हे नाहीत हे," ती म्हणाली. "दुसराच कोणीतरी मेला."

आणि पोळ्या करायला उठून आत गेली. बाबा कोचावर बसून हसत होते, आवाज नव्हता, पण खांदे गदगदा हलत होते, आणि हसता हसताच त्यांनी खडूने पाटीवर टकटक केली, दोनदा, एक छोटी, एक मोठी.

आतून आई म्हणाली, "अहो, आता काय?"